मँचेस्टर आणि माझी मिशी

आता तुम्ही विचारलंच आहे तर सांगून टाकतो. पण हसायचं असेल त्यानं चहाचा कप आधी खाली ठेवावा. मागच्या वेळी हे सांगताना आमच्या पोस्टमास्तरांनी माझ्या नव्या धोतरावर अख्खा कप उपडा केला होता.

तर, माझ्या लग्नाच्या फोटोत नवरदेवाला मिशी नाही. बरोबर पाहिलंत तुम्ही. पागोट्याखाली केसही नव्हते, ते दिसत नाही एवढंच. आणि हे सगळं कशामुळे? विलायतेतल्या मँचेस्टर नावाच्या शहरातल्या प्रेक्षणीय स्थळांमुळे!

कधी गेलो होतो म्हणता? छे हो! मी उभ्या जन्मात नागपूरच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही. तीच तर सगळी गंमत आहे.

तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. बुलढाण्याच्या कचेरीत खुर्चीचा पाय मोडला तरी त्याचा कागद नागपूरला जायचा, आणि उरलेले तीन पाय मोडेपर्यंत मंजुरी यायची. असले कागद लिहिण्यात माझा हात चांगला, म्हणून दीड वर्ष मला नागपूरला पाठवलं होतं. तिथले एक गोरे साहेब कायमचे घरी निघाले आणि जाताना हाताखालच्या लोकांना भेटी देऊन गेले. हेडक्लार्कला घड्याळ मिळालं. मला मिळालं एक पुस्तक, मँचेस्टरला येणाऱ्या पाहुण्यांनी काय काय पाहावं याचं. वा! किती विचार करून दिलं होतं साहेबांनी! दर रविवारी मी मँचेस्टरलाच जात होतो ना!

पण खोलीत वाचायला दुसरं काही नव्हतं. दीड वर्षात ते पुस्तक मला असं पाठ झालं की स्टेशनातून बाहेर पडल्यावर ट्राम कुठं मिळते, नगरभवनाचं घड्याळ कुठून चांगलं दिसतं, मोठ्या चर्चमध्ये खिडकीच्या काचा कुठल्या रंगाच्या आहेत, हे मला झोपेतून उठवून विचारावं. बुलढाण्याला परत आलो तर आमच्या गल्लीत नवीन झालेली विहीर मला दोन दिवस सापडली नाही, ते सोडा.

मग मामानं माझ्यासाठी स्थळ आणलं. उंद्रीचे बापूसाहेब. मोठी शेती, कापूस बैलगाड्यांनी खामगावच्या बाजारात जायचा. मुलगी चार बुकं शिकलेली. मामा म्हणाला, "वामन्या, तिथं जास्त बोलू नको बे. तू बोलला की काम बिघडते."

मामाचं हे म्हणणं मी त्या दिवशी मानलं असतं, तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं.

उंद्रीला पोहे झाले, पान झालं. बापूसाहेब सुस्कारा टाकून म्हणाले, "आमचा कापूस खामगावहून मुंबईले जाते, अन् तिथून त्या मँचेस्टरले. कसं गाव असन बुवा ते?"

झालं! माझ्या अंगात वारं शिरलं. मी खास ठेवणीतलं शुद्ध मराठी काढलं. "स्टेशनातून बाहेर पडलं की ट्राम धरावी. नगरभवन पाहावं. मग चित्रांचं दालन. तिथं गाईगुरांची मोठमोठी चित्रं आहेत."

"गाईचं चित्र पाहायले लोकं जाते?" बापूसाहेबांनी गोठ्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे बावीस जनावरं होती आणि एकदाही कुणी पाहायला आलं नव्हतं.

"जातात तर! मग संग्रहालय. तिथं मिसर देशातली हजारो वर्षांपूर्वीची प्रेतं पेटीत ठेवलेली आहेत. चर्चमध्ये शिरताना टोपी काढावी. क्रिकेटचं मैदान तर चुकवूच नये. खेळ अर्धा झाला की चहा मिळतो. आणि फुटबॉल! चामड्याच्या चेंडूमागे बावीस माणसं धावतात आणि हजारो माणसं पावसात उभी राहून ओरडतात."

"अन् थंडी?"

"जाड कोटाशिवाय बाहेर पडूच नये."

तेवढ्यात दाराआडून मुलीची आत्या म्हणाली, "पोरगी विचारून राह्यली, तो चेंडूचा खेळ पाहायले तिथं बायाई जातात काय?"

"जातात," मी म्हटलं. "त्यांना बसायला वेगळं छप्पर आहे."

दाराआड बांगड्या वाजल्या. कोणीतरी हसलं. अहो, मी तिचा धड चेहराही पाहिला नव्हता, पण त्या प्रश्नावरच मी गेलो! पाहायला आलेल्या मुलाला स्वतः प्रश्न विचारणारी मुलगी तेव्हा चिखली तालुक्यात दुसरी नसेल. लग्न करीन तर हिच्याशीच, असं मी पाटावर बसल्या बसल्या ठरवून टाकलं.

बापूसाहेब मामाकडे वळले. "पोरगा दीड वर्स बाहेर होता म्हनता. तो तिकडंच काय?"

मामाच्या तोंडात अख्खा लाडू होता. त्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याला आणि लाडवालाच ठाऊक. आणि मी काय केलं? मी मान खाली घातली. विनयानं! एवढा विनय मी पुन्हा आयुष्यात कधी दाखवला नाही.

स्थळ पक्कं झालं. परतीच्या वाटेवर मामा म्हणाला, "लेका, तू त्याईले सांगतलं काऊन नाही?"

"तुमी काऊन नाही सांगतलं?"

"माह्या तोंडात लाडू होता."

बरं, मी एवढ्यावर थांबलो असतो तर चाललं असतं. पण मी हुशार! मी विचार केला, उद्या सासरचं कुणी घरी आलं आणि फळीवर ते पुस्तक दिसलं तर? आपली विलायत तिथंच संपायची. म्हणून एका सकाळी मी ते पुस्तक बंबात घातलं आणि त्या पाण्यानं छान अंघोळ केली. मँचेस्टरची सगळी प्रेक्षणीय स्थळं मिळून दोन बादल्या पाणी तापलं.

साखरपुड्याच्या दिवशी मी मिशीला तेल लावून उंद्रीला पोचलो. ओसरीवर बापूसाहेबांचे थोरले भाऊ दाजीकाका बसले होते. पहिल्या भेटीला ते गावात नव्हते. जानवं, भस्म, समोर पंचांग, आणि पंचांगात घडी घालून ठेवलेला एक कागद. माझं एकूण एक वाक्य बापूसाहेबांनी त्यांना कौतुकानं सांगितलं होतं.

"जावाईबापू," दाजीकाका म्हणाले, "समुद्र ओलांडून आले. प्रायश्चित्त घेतलं काय?"

तुमच्या पोरांना आज हसू येईल, पण तेव्हा समुद्र ओलांडलेल्या माणसाला पंगतीत बसू देत नसत, मग मुलगी कुठून देतील? मी तिथल्या तिथं शरण गेलो. "दाजीकाका, मी गेलोच नाही! दीड वर्स नागपूरले होतो."

"सारे असंच म्हनते," दाजीकाका शांतपणे म्हणाले. "मेहकरच्या एका वकिलाचा पोरगा दोन वर्स काशीले होतो म्हने. पंगतीत वरनभाताले चमचा मागे."

"अहो, पुस्तकात वाचलं मी ते!"

"दाखवा पुस्तक."

"ते... जाळलं."

"काऊन?"

आता काय सांगणार? तुम्हाला कळू नये म्हणून? मी म्हटलं, "पाणी तापवायले."

दाजीकाकांनी भावाकडे पाहिलं. "पाह्य बापू. सरपन सोडून पुस्तकं जाळते, अन् म्हनते, मी खरं बोलून राह्यलो."

मी मामाकडे पाहिलं. आता तरी हा माणूस तोंड उघडेल! मामानं ताटातला लाडू उचलला.

मग दाजीकाकांनी तो कागद उघडला. आणि मंडळी, पाहुण्यांनी काय काय पाहावं याची माझी ती सुंदर यादी, तीच्या तीच, माझ्या पापांची यादी होऊन माझ्यासमोर आली!

"समुद्र ओलांडला. क्षौर, मिशीसगट. पुढं. त्याईच्या देवळात टोपी काढून गेले. पायातले जोडे?"

"पुस्तकात जोड्यांचं काही नव्हतं हो!"

"म्हंजे जोडे घालूनच गेले. एक उपास. पुढं. पेटीतली मढी पाह्यली. अंघोळ केली होती?"

"मी कशाला..."

"नाही केली. मढी किती होती?"

"मले काय माईत!"

"मोजलीबी नाहीत. मग दहा अंघोळी धरू. पुढं. खेळ अर्धा झाल्यावर चहा पेले. कोनाच्या हातचा? माईत नाही. पंचगव्य, तीन पळ्या." त्यांनी बोटाला थुंकी लावून कागद उलटला. "अन् तो चामड्याचा चेंडू. बावीस जनाईनं लाथा मारलेला. त्या गर्दीत तुमी उभे. आनखी दोन पळ्या."

पाच पळ्या! गोमूत्र आणि शेण घातलेल्या त्या काल्याच्या पाच पळ्या! माझं डोकंच फिरलं. आणि मी, नागपूरच्या कचेरीत कागद लिहिण्यात पटाईत असलेला मी, ताडकन उभा राहून ओरडलो, "फुटबॉल मी लांबूनच पाह्यला होता!"

मामानं लाडू ताटात परत ठेवला. दाजीकाका त्या दिवशी पहिल्यांदाच हसले.

"आता कसं!" ते म्हणाले.

मामानं मला गोठ्यामागं ओढत नेलं. "पिऊन टाक बे," तो म्हणाला.

"मामा, पन मी गेलोच नाही ना!"

"मले माईत हाय. पन तू नाही गेला तर तू खोटारडा. खोटारड्याले ते पोरगी देत नाही. तू गेला तर पापी. पाप्याले सोय हाय. पोरगी पायजे का नाही?"

मला बांगड्या आठवल्या. पोरगी तर पाहिजेच होती.

"मग आता गेलाच समज," मामा म्हणाला, आणि माझ्या वतीनं होकार देऊन आला.

प्रायश्चित्त कुठं? साध्या विहिरीवर भागेल असं पाप होतं काय माझं? लोणारच्या सरोवराकाठी बारा महिने कोसळणाऱ्या धारेवर! मार्गशीर्षातली पहाट, बैलांच्या दमणीत हाडं खिळखिळी करत तिथवर गेलो. न्हाव्यानं आधी डोकं केलं, मग मिशीला हात घातला. तीन वर्षं जोपासलेली मिशी हो! चार हात फिरले आणि गेली. "साहेब, चेहरा मोकळा वाटते आता," न्हावी म्हणाला. त्याचं काय जात होतं?

गुरुजी संकल्प सांगायला लागले. पाप कुठं घडलं ते सांगावं लागतं म्हणे. मँचेस्टरला संस्कृतात काय म्हणावं यापाशी ते अडले, मग म्लेच्छनगर म्हणून मोकळे झाले. त्या धारेखाली मी दहा अंघोळी केल्या, एकदा मातीनं, एकदा भस्मानं, एकदा शेणानं, पुढच्या मला आठवत नाहीत कारण तोवर मला स्वतःचं नावही आठवत नव्हतं. दात असे वाजत होते की गुरुजींना वाटलं मी मागून मंत्र म्हणतो आहे. त्यांनी शाबासकीही दिली.

मग पळी आली. दूध, दही, तूप ही तीन चांगली माणसं. पण उरलेले दोघे त्यांना तोंड उघडू देत नाहीत. मी डोळे मिटून घेतले. एक, दोन, तीन, चार. पाचव्या पळीला दाजीकाकांनी हात वर केला. मोठ्या मनाचा माणूस! म्हणाले, "फुटबॉल लांबून पाह्यला हाय. अर्धीच द्या."

लग्न झालं. खामगावहून फोटोवाला आला, त्यानं तो फोटो काढला. पंगतीत मी पहिल्या पाटावर. आणि आता मी शुद्ध झालो होतो ना, त्यामुळे सगळ्या उंद्रीनं मला घेरून तीन दिवस मँचेस्टर विचारलं. स्वतः दाजीकाकांनी मढ्यांबद्दल दोनदा विचारलं.

पण माणसाचं मन मोठं वाईट. बायको इतकी गोड, इतकी विश्वासाची, आणि आपण तिला असं फसवायचं? मला ते खाऊ लागलं. सहा महिन्यांनी एका दुपारी ती अंगणात तुरीची डाळ निवडत होती. म्हणाली, "ते चेंडूच्या खेळाचं सांगा ना पुन्हा. छपराखाली बाया कशा बसतात ते." माझ्यानं राहवलं नाही. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. साहेब, पुस्तक, लाडू, बंब, सगळं. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. म्हटलं, आता रागाव, रड, माहेरी जा, पण मी कधीच कुठं गेलो नाही हे खरं मान.

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडे टक लावून पाहिलं. आणि पोट धरून हसायला लागली.

"काहीतरीच तुमचं! न जाता कोनी मिशी काढते? न जाता कोनी लोनारले जाऊन, थंडीत, शेन अन् गोमूत्र पिते? एवढा येडा मानूस जगात असते काय कुठी? अन् असला, तरी माह्या बापानं नेमका तोच शोधून मले देला असता काय?"

खरंच आता तुम्हीच सांगा, तिला काय उत्तर द्यायचं?

"हाव," मी म्हटलं. "गेलतो. चांगला दीड वर्स होतो तिथं."