वाघाची घंटी

वाघ दिसला की आसपासच्या गावांतले फोन वाजवणारं एक सगळ्यांना खुलं ॲप पोरापोरींनी बिनपगारी बनवलंय. त्याच्या तक्रारी ऐकून तातडीच्या असतील त्या यादीत वर लावायचं काम मी फुकट करते. चौथी शिकले, तेवढं पुरतं.

चिमूरकडच्या एका बाईनं बहिणीच्या फोनवरून बोलून पाठवलं, "आवाज बंद होता तरी घंटी वाजली. लपवलेला फोन नवऱ्याले सापडला. कुऱ्हाडीच्या दांड्यानं हात मोडला माहा."

ती तक्रार मी सर्वांत वर लावली.

ॲपवाली पोरगी म्हणाली, "आजी, हा बिघाड नाही. वाघ आला की वाजलंच पाहिजे."

"वाघ एकदाच मारते. हा रोज मारून राह्यला."

मग घंटी बंद ठेवायची सोय आली. मी त्या बाईच्या बहिणीला कळवलं.

"फोन चुलीत टाकला त्यानं," ती म्हणाली. "तिचा दुसराही हात मोडला."

तक्रार मी बंद केलेली नाही.