राघूचा उष्टा जाम

लोक हौसेने पक्षी बघतात. गळ्यात दुर्बीण, डोक्याला टोपी, असे दोन-चार हौशी लोक सिद्धेश्वर धरणाच्या काठावर मी नंतर पाहिलेत. मी पक्षी बघितले ते गरज म्हणून. मागच्या अंगणात सकाळी पाखरू आलं नाही तर दिवसभर माझ्या घशाखाली घास उतरत नसे.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, परभणीतलं एक तालुक्याचं गाव होतं. नवरा पाटबंधारे खात्यात कारकून, त्यामुळे धरणाजवळच्या वसाहतीत आम्हाला क्वार्टर मिळालं होतं. पुढे दोन खोल्या, मागे न्हाणी, धुण्याचा दगड आणि आधीच्या बिऱ्हाडाने लावलेलं जामाचं झाड. पेरूला आमच्याकडे जाम म्हणतात. आम्ही राहायला आलो तेव्हा झाड फळाला आलं होतं आणि माझी मुलगी अडीच वर्षांची होती. ती बोलत नव्हती.

बोलत नव्हती म्हणजे एक शब्दही नाही. हसायची खदाखदा, रडायला लागली तर सगळी वसाहत डोक्यावर घ्यायची. पण आई नाही, बाबा नाही, पाणीसुद्धा नाही. पाणी हवं असलं की मला ओढत माठापाशी न्यायची. सासू म्हणायची, हिच्या बापानेही चौथ्या वर्षी तोंड उघडलं होतं. ते खरं असेल, कारण उघडल्यापासून ते अजून मिटलेलं नव्हतं. तालुक्याच्या डॉक्टरांनीही टाळी वाजवून बघितली आणि बोलेल म्हणाले. पण मला धीर येत नव्हता. घरी आलेली बाई पोरीला मांडीवर घ्यायची आणि हटकून विचारायची, "बोलत न्हाई व्हय अजून?" मला असा संताप यायचा की तिच्या चहात साखर घालायची मी विसरून जात असे. मुद्दाम विसरत असे.

दुसऱ्या कुठल्या घरात असते तर नवस बोलले असते. शेजारणी औंढ्याच्या महादेवाचे सोमवार धरत, एक जण दर्ग्यावरून दोरा आणून लेकराच्या दंडाला बांधी. आमचं बौद्ध घर. सासऱ्यांनी तरुणपणीच देव्हारा रिकामा करून देव नदीत सोडले होते आणि नवरा त्यांच्याहून कडक. अंगारा नाही, दोरा नाही, दृष्टसुद्धा काढायची नाही. मला ते पटलेलं होतं, आजही पटतं. पण लेकरू बोलेना की आईला कुठेतरी डोकं टेकावंसं वाटतं, आणि आमच्या घरात डोकं टेकायला जागाच ठेवली नव्हती. भिंतीवरच्या बुद्धाकडे काही मागायचं नसतं हे वसाहतीतल्या बायकांना मीच तर सांगत असे.

तांड्यावरून सकाळी दूध घालायला एक मावशी येत. पोरगी त्यांच्या हातातल्या बांगड्यांशी खेळायची. एकदा त्या दूध मापता मापता माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"बाई, काहून झुरून राहिल्या इतक्या? राघूचा उष्टा जाम चारा लेकराला. राघूनं चोच मारलेला. बोलंल बराबर."

"आमच्यात देवाचं काही करत न्हाईत, मावशी."

"देव कुठं आला त्याच्यात? राघू बोलतो का न्हाई? मंग."

यावर मला उत्तर शोधायचंच नव्हतं. बुवा नाही, बकरं नाही, कुणाच्या पाया पडायचं नाही. एक फळ आणि एक पाखरू. फळ तर लेकरांना द्यावंच असं पुस्तकातही लिहिलेलं असतं. मी त्याच दिवशी झाडाला बांधलेली डबडी सोडून टाकली. आधीच्या बिऱ्हाडाने राघू हाकलायला दोरीने डबडी बांधली होती, ओढली की खडखडायची. वसाहतीत सगळ्यांच्याच झाडांना ती होती. माझंच एक झाड मोकळं झालं आणि शेजारी म्हणू लागले की या बाईला फळं खायची नाहीत तर आम्हाला तरी द्यावीत.

राघू सकाळी येत आणि उन्हं उतरल्यावर पुन्हा येत. आधी कर्कश किंचाळत डोक्यावरून जाणार, मग वळून झाडावर उतरणार, आणि उतरले की पानांत असे मिसळणार की झाडच हलतंय असं वाटावं. मी पायरीवर तांदूळ निवडत बसे आणि पोरगी माझ्याशेजारी. ते उडाले की मी फांद्या चाळायची. उष्टं फळ सापडायचं, पण ते कुणाचं उष्टं हे ओळखायला मला फार वेळ लागला. खार दातांनी खरवडते. बुलबुल पिकलेल्या फळाला भोक पाडून आतला गर खातो आणि साल तशीच ठेवतो. वटवाघळाचं तर सकाळी जमिनीवरच पडलेलं असतं. राघू मात्र उधळ्या. चांगल्या फळाचा एक लचका तोडायचा, थोडा खायचा, थोडा टाकायचा, की चालला दुसऱ्या फळाकडे. त्याचा तो लचका दिसला की मला हायसं वाटायचं. मी तेवढाच भाग धुऊन, कापून तिला भरवायची आणि तिच्या ओठांकडे बघत बसायची.

या नादात मला सगळीच पाखरं कळायला लागली. कुंपणात सातभाई भांडायचे, तारेवर खंड्या यायचा, लाल डोळ्यांचा कुकुडकुंभा, म्हणजे भारद्वाज, कुणाची तरी चोरी करून आल्यासारखा भिंतीकडेने चालायचा. पण कुठलंही पाखरू मला आधी दिसलं असं झालं नाही. माझा पदर ओढला जायचा, छोटं बोट वर व्हायचं आणि मी बघायची तर तिथे काहीतरी बसलेलं असायचंच. एवढी तल्लख नजर. मी नवऱ्याला अभिमानाने सांगायची की हिचं डोकं कुठेही कमी नाही, नुसती जीभ तेवढी जड आहे.

नवऱ्याला फार दिवस कळलं नाही. कळलं त्या दिवशी तो पायरीवर उभा राहून म्हणाला, "काय चारून राहिलीस तिला?"

"जाम हाय."

"पाखराचं उष्टं हाय. शिकलेली बाई तू. बाबांनी देव कशाला सोडले मग? राघूपुढं हात जोडायला?"

"मी हात जोडले न्हाईत. तुमच्याकडं दुसरा उपाय असंल तर सांगा, मी आत्ता सोडते."

त्याच्याकडे उपाय नव्हता. त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. लेक बोलत नव्हतीच, आता बापही बोलेना. त्या दोन खोल्यांत मी एकटीच बडबडत असे, भांड्यांशी, चुलीशी, आणि पोरीच्या तोंडापाशी तोंड नेऊन, आई म्हण, आई म्हण. ती माझे ओठ बोटाने दाबून बघायची आणि हसायची.

थंडीत झाडाला पुन्हा बहार आला आणि राघू यायचे थांबले. शिवारात ज्वारी हुरड्यात आली होती. कोवळं कणीस सोडून जामाला कोण येतो? धरणाखालच्या शेतांवरून त्यांचे थवे वळताना मला दिसायचे. झाड फळांनी वाकलं होतं आणि एकही फळ उष्टं नव्हतं. पोरीला तिसरं सरत आलं होतं. मी फांदीला लाल मिरच्या बांधल्या, मातीच्या परळात भिजवलेली डाळ ठेवली. डाळ साळुंक्यांनी खाल्ली. एका सकाळी मी झाडाखाली उभी राहून, कुणी बघत नाही असं बघून, या रे म्हणाले. मोठ्याने म्हणाले. मग न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. हात जोडले नाहीत असं मी नवऱ्याला ठणकावून सांगितलं होतं. त्या सकाळी कुणी सांगितलं असतं तर मी ज्वारीच्या शेतात जाऊन पाखरांच्या पायाही पडले असते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी खालच्या फांदीवर उष्टा जाम दिसला. मी धावत गेले. लचका चांगला मोठा होता आणि त्यात दात उमटलेले होते, वरची एक ओळ, खालची एक ओळ. नवरा धुण्याच्या दगडापाशी पाठमोरा उभा राहून दात घासत होता. तोंड धुवायला त्याला त्या दिवशी भलताच वेळ लागला.

"सापडला का?" त्याने मागे न बघता विचारलं. कितीतरी दिवसांनी तो माझ्याशी बोलला होता.

"सापडला," मी म्हणाले.

तो मी पोरीला भरवला. त्याचा उपयोग नाही हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही असणारच. पण ज्वारी निघेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी खालच्या फांदीवर असा एक जाम असायचा. लचका हळूहळू लहान होत गेला, त्याला राघूच्या चोचीसारखा तिरका आकार येऊ लागला. मी ऊन उतरल्यावर झाडाखाली काय बघत असते ते त्याने लांबून बघितलं असणार. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. मला त्या माणसाची इतकी माया त्याआधी कधी आली नव्हती आणि त्याबरोबर भीतीही वाटली. तोही माझ्याइतकाच टेकीला आला होता.

सुगी झाली, शेतं मोकळी झाली आणि राघू परतले. झाडावर शेवटचे थोडे जाम उरले होते.

त्या सकाळी नवरा ऑफिसला गेला होता. झाडावर राघू होते. मी पायरीवर सूप घेऊन बसले होते आणि पोरगी धुण्याच्या दगडावर, झाडाकडे पाठ करून, डब्याच्या झाकणात ओली माती थापत होती. अचानक झाडावर शिकरा झडपला. तो कुठून आला मला दिसलं नाही, फक्त झाड फुटल्यासारखे सगळे राघू एकदम किंचाळत उठले. कुंपणातल्या सातभाईंनी गिल्ला केला, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. माझ्या हातातलं सूप खाली पडलं.

पोरीने मान वर केली नाही. ती माती थापत होती.

वरून एक हिरवं पीस गिरक्या घेत तिच्या झाकणावर येऊन पडलं. तेव्हा तिने वर बघितलं, रिकाम्या झाडाकडे बघितलं आणि हसली.

मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. हाक मारली. लाडाच्या नावाने मारली, खऱ्या नावाने मारली. बादलीवर तांब्या आपटला. सगळ्या वसाहतीला ऐकू गेला असेल, दोन घरं सोडून एक बाई बाहेर आली. पोरगी मातीवर पीस रोवत होती. मग मी दगडावर पाय आपटला. दगड हादरला आणि तिने वळून बघितलं, काय गं आई, असं विचारल्यासारखं. दार आपटलं की ती दचकते, ते असंच, हादऱ्याने. तालुक्याच्या डॉक्टरांनी टाळी वाजवली तेव्हा तिने बघितलं, ते त्यांचे हात बघितले होते. मी तोंडाजवळ तोंड नेऊन आई म्हण म्हणायची तेव्हा ती माझे ओठ चाचपायची. जीभ चांगलीच होती तिची. मी इतके दिवस जिभेवर औषध करत होते.

पुढे नांदेडला कानांची तपासणी झाली, तिथे यंत्रानेही तेच सांगितलं. पण मला त्या सकाळीच कळलं होतं. त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. तिला दूध-भाकर कुस्करून दिली आणि पायरीवर बसून राहिले. नवऱ्याला कसं सांगायचं याची वाक्यं मी मनात रचत होते आणि प्रत्येक वाक्याच्या मध्येच मला त्याचा तो तिरका केलेला लचका दिसत होता.

उन्हं उतरली. राघू पुन्हा आले, पाखरांची स्मृती आखूड असते. पोरगी झाडाखाली उभी राहून मान वर करून त्यांना बघत होती. नवरा रोज पुढच्या दाराने यायचा, त्या दिवशी घरात सामसूम बघून सायकल घेऊन मागच्या फाटकाने आला. फाटक तिच्या पाठीमागे होतं.

"ए चिमणे," त्याने हाक मारली.

ती झाडाकडे बघत होती.

"चिमणे!" तो जरा मोठ्याने म्हणाला. मी उठून उभी राहिले. मला त्याला थांबवायचं होतं.

तिसरी हाक त्याने अशी मारली की कालव्याच्या पलीकडच्या माणसाला ऐकू जावी. राघू भर्रकन उठले. पोरीने त्यांना उठताना पाहिलं, कोण आलं म्हणून गर्रकन मागे वळली, आणि बाप दिसताच दोन्ही हात पसरून पळत सुटली.

सायकल तशीच आडवी टाकून त्याने तिला उचललं. त्याचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता, लग्नातही नाही.

"आली बघ," तो म्हणाला. "हाक मारली तर आली. ऐकून राहिली ती आता. मी उगाच तुला बोललो. गुण आला त्या जामाचा, व्हय ना?"

तो माझ्याकडे बघत थांबला. ती त्याच्या खांद्यावरून राघू गेले त्या दिशेला बघत होती.

मी व्हय म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.