पाणी कसं आहे?

आमच्या मॅडम वर्गात यायच्या त्याआधी त्यांचे केस आत यायचे. कुरळे, सुटे, मुरुडच्या खाऱ्या वाऱ्याने चहूकडे उभे राहिलेले. बारावीला जीवशास्त्र शिकवताना ग्रीक पुराणातली मेडुसा त्यांनीच आम्हाला सांगितली. तिच्या डोक्यावर केसांऐवजी साप होते आणि ती ज्याच्याकडे बघेल त्या माणसाचा दगड व्हायचा. पोहत्या जेलीफिशलाही मेडुसाच म्हणतात, हेही सांगितलं. तास संपायच्या आत मॅडमचं बारसं झालं होतं. त्यांना ते कळलं, आणि आवडलंही असावं. कोणी दंगा केला की नुसतं म्हणायच्या, "बघू का तुझ्याकडे?"

केस बांधत जा, असं प्राचार्य एकदा म्हणाले. "घरी मी पुष्कळ बांधलेली आहे सर," मॅडम म्हणाल्या, "हे तरी मोकळे राहू देत." मॅडमच्या आईला विसर पडायचा. गॅस चालू ठेवायची, फाटक उघडून समुद्राकडे चालू लागायची, आणि लेकीशिवाय कोणाच्या हातचं जेवायची नाही. म्हणून मॅडम रोज मधल्या सुट्टीत घरी धावायच्या आणि धापा टाकत पुढच्या तासाला यायच्या. लग्न राहिलं ते राहिलंच.

माझे बाबा होडी घेऊन जातात. जाळ्यात जेलीफिश भरल्या की मासळी कमी आणि हातांना खाज जास्त. त्यातली एक जिवंत मी मॅडमसाठी बादलीत घालून निघाले. पाणी गढूळ वाटलं म्हणून वाटेत विहिरीचं स्वच्छ पाणी भरलं. कॉलेजात पोचेपर्यंत ती तळाशी लिबलिबीत होऊन पडली होती. "कोल्याची पोर तू, येवढं कलत न्हाय?" बाबा नंतर म्हणाले. मॅडम मात्र रागावल्या नाहीत. "गोड्या पाण्यात मरते गं ती," एवढंच म्हणाल्या. "तू मायेनंच केलंस."

त्याच वर्षी त्यांना गोव्याला समुद्री जीवांच्या संशोधनाची नोकरी मिळाली. आईजवळ राहायला भाऊ मुंबईहून आला. आम्ही त्यांना प्रवासाची बॅग दिली आणि एसटी स्टँडवर अख्खा वर्ग हात हलवत उभा राहिला. खिडकीतून केस उडताना दिसत होते. मी इतकी आनंदात होते की विचारू नका.

सोमवारी पहिल्या तासाला मॅडम फळ्यासमोर उभ्या.

"कुठपर्यंत गेला होता, मॅडम?"

"रोह्यापर्यंत. स्टेशनात भावाचा फोन आला. आई फाटकात बसलीय, पाण्याचा घोटही घेत नाही म्हणाला."

मग त्यांनी फळ्यावर दगडाला चिकटलेलं एक बारीक झाड काढलं. "हाही जेलीफिशचाच जन्म. याला पॉलिप म्हणतात. याच्यापासून चकत्या सुटतात, त्या मेडुसा होऊन निघून जातात. हा तिथेच." खडू खाली ठेवत म्हणाल्या, "नाव चुकलं तुमचं."

मला गोव्याला शिकायला पाठवायला बाबा तयार नव्हते. मॅडम आपल्या आईचा हात धरून आमच्या घरी आल्या. आई पायरीवर बसून राहिली.

"लई लांब हाय वो, बाई," बाबा म्हणाले.

"लांबच पाठवा, दादा."

मी गेले, शिकले, तिथेच नोकरीला लागले. दर रविवारी मॅडमचा फोन येतो. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. "पाणी कसं आहे?" मग गार की कोमट, गढूळ की नितळ, काय काय वाहत आलंय, ते सगळं मी सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं.

गेल्या वर्षी त्यांची आई गेली. महिन्याभराने मी म्हटलं, "आता या मॅडम. माझ्याकडे खोली आहे. आता कोणाचा फोन येणार नाही."

"बॅग काढली होती गं," त्या म्हणाल्या. "पण काल मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मी धावत सुटले. फाटकाला हात लावला तेव्हा आठवलं."

मला रडू आलं, आणि त्या मेलेल्या म्हातारीचा रागही आला.

"बरं, पाणी कसं आहे?"

"येऊन बघा," मी म्हटलं.

तेव्हापासून दर रविवारी त्या तेच विचारतात आणि मीही तेच सांगते.