नववी खिडकी

दिंडोरीच्या जयरामने एकतीस वर्षांत नाशिकच्या मैदानावरचा एकही सामना चुकवलेला नाही, आणि एकही धड पाहिलेला नाही. तो स्कोअरबोर्डाच्या मागे फळीवर उभा राहून आकड्यांचे पत्रे लावतो. पत्रा लागेपर्यंत तिथे खिडकीएवढी रिकामी चौकट असते. तिच्यातून दिसेल तेवढं मैदान आपलं. पत्रा लावला की खिडकी बंद. क्रिकेटमधले मोठमोठे खेळाडू त्याने असे तुकड्यातुकड्यांनी पाहिले, पण कधी कुरकुर केली नाही. पगार बेताचाच, पण आकडा चुकला असं कुणी म्हणून दाखवावं, हा त्याचा तोरा.

परवाच्या रविवारी मात्र तो सकाळपासून घायकुतीला आला होता. बायकांच्या व्यावसायिक बेसबॉल लीगचा सामना होता आणि नाशिककडून चेंडू फेकणार होती त्याची लेक रूपाली. शाळेतली खेळाच्या शिक्षिकेची नोकरी सोडून ती यात उतरली होती. मागच्या सामन्यात तिने एकाच डावात चार धावा दिल्या, तेव्हा मॅनेजरने स्पष्टच सांगितलं: आणखी एक सामना देतो, तोही असाच गेला तर करार संपला. घरी तिने हे फक्त बापाच्या कानावर घातलं होतं.

बेसबॉलमध्ये एकेका संघाचे नऊ डाव. बोर्डावर वरची ओळ पाहुण्यांची, म्हणजे नागपूरची, जयरामच्या डोळ्यांसमोर. खालची नाशिकची, पार गुडघ्यापाशी. तिथून वाकून पाहिलं तर नुसतं गवत दिसतं. म्हणजे लेकीने नागपूरचा एक डाव कोरा घालवला की बापाने वर शून्य लावायचं आणि स्वतःची एक खिडकी गमवायची. असला सौदा दुसऱ्या कुठल्या बापाच्या वाट्याला आला असेल, देव जाणे. नाशिकच्या दोन धावा तिसऱ्या डावातच लागल्या होत्या. सहा डावांत वर सहा शून्यं लागली, आणि जयराम एकेक पाऊल डावीकडे सरकत मनातल्या मनात मांडे खाऊ लागला.

सातव्या डावात नागपूरच्या दोघी बाद झाल्या, पण तिघी तिन्ही बेसवर येऊन उभ्या राहिल्या, म्हणजे एक फटका बसला की धाव. जयरामने एकचा पत्रा हातात घेतला. तेवढ्यात वॉचमन केरू चहा घेऊन शिडी चढला.

"दिला का रन पोरीनं?"

"नाय अजून. पण पत्रा तयार ठेवावा लागतो."

"ठेव की खाली. कोण बघतंय हितं?"

"मी बघतोय ना."

रूपालीने टोपी सारखी केली आणि चेंडू फेकला. तो बॅटला लागून घरंगळत तिच्याकडेच परत आला. तिने उचलून पहिल्या बेसवर दिला, तिसरी बाद, डाव खलास. जयरामने एकचा पत्रा खाली ठेवला आणि बाहीने डोळे पुसले. चहा तसाच गार झाला.

आठवं शून्यही लागलं. उरली नववी खिडकी, आणि तिच्यासमोर नेमका दिव्याचा खांब! रूपाली त्याच्याआड पार झाकून गेली. दिसत होत्या फक्त बॅट घेतलेली मुलगी आणि तिच्या मागे बसलेली कॅचर. मग जयरामने समोरचीच्या चेहऱ्यावरून लेकीचा चेंडू ओळखायला घेतला. पहिली ओठ चावत परत गेली. दुसरीने बॅट जमिनीवर आपटली. तिसरीने जीव खाऊन बॅट फिरवली आणि चेंडू कॅचरच्या हातमोज्यात जाऊन बसला. नागपूरला अख्ख्या सामन्यात एक धाव नाही.

जयरामने शेवटचं शून्य लावलं. आता त्याच्यासमोर पत्रेच पत्रे होते आणि पलीकडे नुसता गलका. माणसं पांगेपर्यंत बोर्ड सोडायचा नाही हा त्याचाच दंडक, तो मोडून तो शिडी उतरला आणि पुढे आला. रूपाली मैदान ओलांडून पळत आली, घामाने निथळत.

"आप्पा, दिसलं का?"

"आठ डाव दिसले. नववा त्या खांबानं खाल्ला."

"मग पुढच्या रविवारी तुम्हाला पुढं खुर्ची टाकायला सांगते मॅनेजर सरांना."

पुढचा रविवार. जयरामला उमगायला जरा वेळ लागला: म्हणजे करार टिकला होता.

"खुर्चीबिर्ची नको मला," तो म्हणाला. "तेवढा खांब हलवायला सांग त्यांना."