हललेला चेहरा

माझी नणंद भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तिचं कौतुक केलं तर मी वाढवून सांगतेय असं कुणाला वाटायला नको. तशी पाल दिसली तर ती झाडूने हाकलते, अंधारात एकटी जाऊन फ्यूज बदलते. तिला भीती कोऱ्या कागदाची.

आणि बाईंनी जन्म काढला तो फोटो स्टुडिओत! काम रिटचिंगचं. खालून दिवा लावलेल्या तिरक्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि टोकदार पेन्सिलीने, बारीक पात्याने लोकांच्या तोंडावरचे डाग, मुरमं, वण नाहीसे करायचे. स्टुडिओतले लोक तिला डॉक्टरीणबाई म्हणत. लग्नाच्या मुली मालकाला बजावून जात, "त्या बाईंकडेच द्या हं." पण स्वतःहून एक रेघ काढायची? नाव नको. "खाली कुणाचा तरी चेहरा असला की धीर येतो, वहिनी," म्हणायची.

मग माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांनी दगा दिला. त्यांची नजर मधल्या भागातून जातेय, कडा तेवढ्या शाबूत. समोर बघितलं की माझे कान दिसतात, तोंड गायब. "सुटलो एकदाचा," म्हणाले. मी लक्ष दिलं नाही. पण कडाही फार दिवस टिकणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मात्र त्यांनी बहिणीला बोलावून घेतलं. साठी ओलांडली तरी त्यांच्यासाठी ती चिमीच.

"चिमे, आईचं चित्र काढ. मला एकदा बघायचंय तिला."

सासूबाईंना मी पाहिलेलं नाही. ही दोघं लहान असतानाच त्या गेल्या. घरात त्यांचा एकच फोटो, सगळ्या कुटुंबाचा. सासरे ताठ, नवरा ताठ, चिमुरडी नणंद आईला टेकून. आणि सासूबाईंच्या मानेवर नुसता पांढरा धुरकट फराटा. नणंद चुळबुळ करत होती, तिला दटावायला त्या ऐन क्षणी वळल्या आणि चेहरा हलला.

नाही म्हणायलाही हिंमत लागते, ती नसल्यामुळे नणंद आमच्याकडे राहायला आली. मागच्या खोलीत मेज लावून दिलं. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती पेन्सिलीला टोकच काढत बसली. ताटातलं अन्न तसंच राहिलं.

"एवढं घाबरायला काय झालं?" मी विचारलं. "चुकलं तर दुसरा कागद घे. कागदांना काय तोटा आहे?"

"कागदाचं नाही हो. तिचा चेहरा माझ्याजवळ एवढासा उरलाय. मी भलताच काढला आणि तोच डोक्यात बसला तर? खरा जाईल. दोनदा पुसली जाईल आई, आणि दोन्ही वेळा माझ्यामुळे."

मी उठून चहा ठेवला.

एकदाची सुरुवात झाली. एके दिवशी सकाळी डोकावले, तर कागदावर एक बाई उमटत होती. डाव्या भुवईत खोक, पुढचा दात शेजारच्या दातावर चढलेला. दुपारी पाहिलं तर भुवई अखंड, दात सरळ. दुसऱ्या दिवशीही तेच. मी नवऱ्याला विचारलं.

"खोक होती की," ते म्हणाले. "तेवढ्या जागी केसच नव्हते तिला. का गं? झालं का चित्र?"

"होतंय," मी म्हटलं आणि तडक मागच्या खोलीत गेले. "ही कोण बाई?"

"आई."

"आई कसली! ही तुमच्या स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावायची गिऱ्हाईक आहे. खोक कुठे गेली?"

तिने कागदाकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. तिला पत्ताच नव्हता. सकाळी काढायची आणि दुपारी सवयीचा हात दुरुस्ती करून टाकायचा.

"वहिनी," ती अगदी हळू म्हणाली, "माझाच हात तिला खातोय."

मी रबर उचललं, पातं उचललं, दोन्ही पर्समध्ये टाकली.

"अहो, द्या इकडे!"

"बाजारात चाललेय. येईपर्यंत काढ. शाईने."

"वहिनी, पाया पडते तुमच्या!"

"पड. आल्यावर."

तोरा दाखवून निघाले खरी, पण भाजीवाल्याशी घासाघीस करायचंही विसरले. कालपर्यंत तिरक्या नजरेने वर्तमानपत्राचे मथळे वाचणारा माणूस आज सकाळी पेपर तसाच घडी घालून ठेवून उठला होता. आणि हिने भीतीने पेनच खाली ठेवलं तर?

परत आले तर मागच्या खोलीला आतून कडी. हाक मारली, उत्तर नाही. दार वाजवलं, नाही. आता शेजाऱ्याला बोलवावं की काय, असं वाटत असतानाच कडी निघाली. पोलकं घामाने भिजलेलं, हनुवटीला शाई. तिच्या मागे मेजावर चित्र. मान वळलेली, भुवई तुटलेली, दातावर दात, आणि डोळे असे की मी एक पाऊल मागे सरले.

"कान खाली आलाय," मी म्हटलं.

"येऊ दे." हनुवटीवरची शाई पुसत ती म्हणाली. "कॅमेऱ्याला दिसली नाही, पण मला दिसली होती ना ती. वळली ती माझ्याकडेच. तेच तोंड मी आजवर आठवायला भ्यायले."

नवऱ्याने खिडकीशी बसून चित्र बाजूला धरलं आणि कोंबडी दाणा बघते तशी मान वाकडी करून पाहिलं. नणंद माझा दंड धरून उभी. नखं रुतली मला.

"बापरे," ते म्हणाले, "ही तर चिडलीये."

"माझ्यावर," नणंद पुटपुटली.

"मग बरोबर आहे."

त्यांनी चित्र परत दिलं नाही. खिडकीतला उजेड जाईपर्यंत मान वाकडी करून बसले.

निघायच्या दिवशी बॅग भरता भरता नणंद थांबली. "भ्यायले होते तेच झालं, वहिनी. डोळे मिटले की आता चित्रच दिसतं. तो खाली आलेला कानसुद्धा. खरी कशी होती, ते आता मलाही सांगता यायचं नाही."

खोटा धीर देणं मला जमत नाही. मी पर्स उघडून तिच्यापुढे धरली. तिने पातं उचललं.

"टोक काढायला लागेल," म्हणाली. "रबर राहू दे. आणि ते उरलेले कोरे कागद तुम्हाला लागणारेत का?"