फ्रिजवरचा आवाज

आईला विसरायला होतंय, हे मान्य करायला मला दोन वर्षं लागली. जन्मभर दिवाळे गावच्या बाजारात मासळी विकलेली बाई, सगळ्या गिऱ्हाइकांच्या आवडीनिवडी तोंडपाठ. आता जेवली की नाही, हेही तिला सांगावं लागायचं. करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. मी पावण्याला एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. सकाळी निघताना दाराला बाहेरून कुलूप लावायची, कारण बाजाराला म्हणून ती उठून चालू लागायची. कुलूप लावताना रोज लाज वाटायची. तरी रोज लावायची.

म्हणून फ्रिजवर एक जुना छोटा कॉम्प्युटर ठेवला, त्याला कॅमेरा आणि स्पीकर जोडला. ऑफिसात बसून, कमांड लिहून मी तो चालवायची. दुपारी एकला त्यातून बोलायची, "आई, ताट झाकलंय, जेव." ती फ्रिजकडे बघून म्हणायची, "जेवते गो बाय." आणि जेवायची. नुसतं ताट समोर असून भागत नसे, कुणीतरी सांगावं लागे.

त्या दिवशी साडेबाराला मला अवदसा आठवली. नेटवर्क तपासायचं एक जुनं पॅकेज, म्हणजे प्रोग्राम, त्या मशीनवर उगाच पडून होतं. म्हटलं, काढून टाकू. कमांड दिली. अशा वेळी मशीन आधी यादी दाखवतं, याच्याबरोबर हे हेही जाईल, आणि विचारतं, करू का? आमच्या धंद्यातली माणसं ती यादी वाचत नाहीत. हो म्हणून वाय दाबतात, एंटर मारतात. यावरून मी ऑफिसात लोकांना झापते. आणि मीच शहाणी, वाय दाबून मोकळी झाले.

स्क्रीन थिजला. वर सरकवून यादी वाचली. वायफाय जोडून ठेवणारं पॅकेजही तिच्यात होतं, तिसऱ्याच ओळीत, स्पष्ट. माझी अक्कल शेण खायला गेली होती, दुसरं काय. आता त्या मशीनला इथून काही सांगायची सोयच उरली नव्हती. समोर बसूनच ते दुरुस्त होणार होतं, आणि घराची चावी माझ्या पर्समध्ये.

आईच्या मोबाइलवर फोन लावला. वाजत राहिला. सकाळी तिला शुगरची गोळी दिलेली होती, वर जेवण नाही गेलं तर साखर एकदम उतरते. शेजारच्या काकींना फोन केला. त्या दाराशी जाऊन आल्या. म्हणाल्या, "आत बोलतायत गं कुणाशी तरी. हाक मारली तर ओ देत नाहीत." साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "टेन्शन नको घेऊ. एक दिवस उशिरा जेवल्या तर काय होतंय?" मला त्यांचा भयंकर राग आला. पर्स उचलली आणि निघाले. आधी बस, मग रिक्षा, मध्ये हायवेला खोळंबा.

पोचायला तीन वाजले. आई फ्रिजसमोर स्टुलावर बसली होती. घामाने भिजलेली, हात थरथरत होते. ताट तसंच झाकलेलं. आधी तिच्या तोंडात साखर घातली, मग घास भरवले. ती माझ्याकडे बघत जेवली.

ती झोपल्यावर मोबाइलचं नेट जोडून पॅकेज परत टाकलं. पाच मिनिटांचं काम. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मशीनवरच साठतं, ते बघायला नको होतं. एकच्या सुमाराला आई फ्रिजपाशी येऊन थांबली. मग ताट उचलून कॅमेऱ्यापुढे धरलं. "बाय, जेवू?" वाट बघितली. परत झाकून ठेवलं. थोड्या वेळाने परत उचललं. शेवटी हात जोडले आणि म्हणाली, "रागावलीस? माजा काय चुकला?" काकींनी दाराबाहेरून ऐकलं ते हे.

आता कधी ती मला मावशी म्हणते, कधी गिऱ्हाईक समजून भाव सांगते. ती दुपारही विसरली असेल, असं मी धरून चालले होते. पण रोज एकला मी "जेव" म्हटलं की ती आधी फ्रिजला हात जोडते. "रागावली नाय ना?" विचारते. मी नाही म्हटलं की मगच ताट उघडते.