कुंताचा दगड

फकिरा दगडावर नावं कोरतो. उस्मानपुऱ्याच्या एका मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये, चाळीस वर्षं तो हेच करत आला आहे. आता यंत्रावर अक्षरं कापून देणारी दुकानं झाली. त्याच्याकडे येतात ते जुन्या दगडाशेजारी तसाच दुसरा दगड हवा असणारे. धूळ छातीत बसली आहे. दोन वाक्यं बोलला की तो थांबतो आणि तिसरं बरेचदा राहूनच जातं.

मेलेल्या माणसांचे त्याने मनाशी दोन ढीग केले आहेत. एकात ख्रिस्ती आणि मुसलमान. ही माणसं एकदाच जन्मतात, एकदाच मरतात आणि आपापल्या जागी पडून शेवटच्या दिवसाची वाट पाहतात. त्या दिवशी हाक येणार, म्हणून त्यांना नाव लागतं, तारीख लागते. उर्दू त्याला वाचता येत नाही. कुणीतरी कागदावर लिहून आणतं, तो रेघ न् रेघ दगडावर उतरवतो. दुसऱ्या ढिगात त्याची स्वतःची माणसं. ती जळतात, पैठणला गोदावरीत जातात आणि पुन्हा कुठंतरी कुणाच्या तरी पोटी येतात. नाव मागेच सुटतं, त्यामुळे दगडाचं कामच पडत नाही. एकदा एका बौद्ध मास्तरांनी त्याला समजावलं की मुळात आत्माच नसतो. फकिराने ते ऐकून घेतलं आणि मास्तरांना कुठल्याच ढिगात टाकलं नाही. त्याला विचाराल तर एकीकडे नुसतं पडून राहणं आहे, दुसरीकडे नुसती ये-जा, आणि दमणूक दोन्हीकडे आहे.

फेब्रुवारीत सोनिया त्रिभुवन नावाच्या शिक्षिका आल्या. छावणीच्या दफनभूमीत त्यांच्या धाकट्या भावाचा दगड दुभंगला होता. भाऊ दोन वर्षांचा असताना गेला होता, पंचेचाळीस वर्षांपूर्वी. इतक्या वर्षांनी नवा दगड कशाला, असं फकिराने विचारलं. त्या म्हणाल्या, आई नव्वदीला टेकली आहे, तिकडे गेल्यावर तिला तो भेटायचा आहे.

"तो शमुवेलच राहणार हो. दुसरा कुणी होत नाही तो."

रात्री जेवताना फकिराने हे बायकोला सांगितलं.  तिसऱ्या दिवशी साळूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "आपल्या कुंताचा दगड करा."

कुंता त्यांची पहिली मुलगी. अकरा महिन्यांची असताना, चितेगावात राहत होते आणि फकिरा कामाला शहरात ये-जा करायचा तेव्हा, तापाने गेली. लहान लेकराला जाळत नाहीत, शेतात पुरतात. वर खूण ठेवत नाहीत आणि आईला फार रडू देत नाहीत, कारण ते त्याच कुशीत परत येणार असतं. पुरायच्या आधी सासूने तव्याच्या बुडाची काजळी साळूबाईच्या बोटाला लावली आणि सांगितलं, लेकराच्या पायावर टिपका दे, परत आलं की ओळखू येईल. दोन वर्षांनी शिवराज झाला. त्याच्या घोट्यावर काळा डाग होता. सासूने घरोघर सांगितलं, आमची कुंता आली.

शिवराज मग कुंता म्हणूनच वाढला. पाच वर्षांपर्यंत केसांना कात्री लागली नाही. तिचेच चांदीचे वाळे त्याच्या पायात होते. ताप येईल म्हणून पावसात जायचं नाही, विहिरीवर जायचं नाही. आता तो चौतीस वर्षांचा आहे, शेंद्र्याला कारखान्यात जातो, तरी चितेगावच्या म्हाताऱ्या त्याला बघून हसत म्हणतात, कुंते, कवा आली?

रविवारी तो शेडमध्ये डबा घेऊन आला. दगडावर गेरूने नाव आखलेलं होतं. त्याने ते दोनदा वाचलं.

"कुंता इथं उभी हाय ना दादा. जित्या माणसाचा दगड करता व्हय?"

फकिराने छिन्नी खाली ठेवली. मुलाने होय म्हणेपर्यंत हात लावायचा नाही असं त्याने ठरवलं. तीन आठवडे दगड तसाच पडून राहिला. घरात शिवराज जेवायचा, कामाला जायचा, आईशी कामापुरतं बोलायचा. दगड झाला तर आपण या घरात कोण, एवढंच त्याने एकदा बापाला विचारलं होतं. 

शेवटी साळूबाईच बोलली. शिवराज पाळीवरून येऊन मोजे काढत होता.

"काजळी मी उजव्या पायाला लावली व्हती," ती म्हणाली. "तुझा डाग डाव्या पायावर हाय."

शिवराजने पायाकडे पाहिलं नाही. "तुला कवा कळलं, माय?"

"तू झाला त्याच दिवशी. न्हाऊ घालताना."

"मग बोलली का नाय?"

"समदे लई खूश व्हते. मला बी वाटलं, असंल. तुला पाजायचं व्हतं."

फकिरालाही हे नवीन होतं. मुलगा आता भांडेल असं त्याला वाटलं. पण शिवराज दोन पाळ्या सलग करून आल्यासारखा भिंतीला टेकून बसून राहिला. मग त्याने विचारलं, "कशी दिसायची ती?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. साळूबाईने विचार केला.  पदराने चूल पुसल्यासारखं केलं.

"आठवत नाय रे," ती म्हणाली. "आठवायला गेलं की तुझंच तोंड येतं."

दुसऱ्या दिवशी शिवराज होय म्हणाला आणि फकिराने नाव कोरलं. तारीख दोघांनाही नक्की ठाऊक नव्हती, म्हणून फक्त साल घातलं. शिवराजने अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि रिक्षात दगड घालून तिघं चितेगावला गेले. मधल्या काळात ट्रॅक्टरने बांध सरकवला होता. साळूबाईने एक जागा दाखवली, मग दुसरी, मग पुन्हा पहिलीकडे आली आणि थांबली. ती थांबली तिथं शिवराजने खणलं.

दगड उभा राहिल्यावर ती त्याच्यापुढे बसली. छत्तीस वर्षांचं रडणं राहिलं होतं, पण थोडंसंच आलं. उन्हं चढल्यावर शिवराजने तिला हात दिला आणि ती उठली.